र. धों. कर्वे यांची गोष्ट आणि एक जुना भरवसा: अंगावर पाजताना पुन्हा दिवस राहू शकतात का?

ऑगस्ट महिना होता. धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती. दवाखान्यात एक तरुण बाई सासूबाईंसोबत आली, कडेवर आठ महिन्यांचे बाळ. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रार साधीच होती: अन्न नकोसे वाटते, अंगात ताकद नाही, सकाळी मळमळते. सासूबाईंना वाटत होते की रोवणीत वाकून वाकून पित्त वाढले असेल. पाळीचे विचारले तर बाळंतपणानंतर ती अजून आलीच नव्हती. लघवीची तपासणी करू या म्हटल्यावर दोघींना आश्चर्य वाटले. बाळ अंगावर पिते आहे, पाळी नाही, मग दिवस कसे राहतील, असा त्यांचा प्रश्न होता.

तपासणीत दोन रेषा उमटल्या.

हा प्रश्न तुमच्याही घरात कधीतरी निघाला असेल. आजीने आईला सांगितले, आईने लेकीला सांगितले की बाळ अंगावर पिते आहे तोवर काळजी नाही. हा समज खोटा नाही आणि पूर्ण खराही नाही. त्यात शास्त्र आहे, पण त्याला तीन अटी आहेत. त्या अटी घरोघरी पोहोचत नाहीत, समज तेवढा पोहोचतो.

या विषयावर लिहिताना मला नेहमी र. धों. कर्वे आठवतात. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. तरीही दोन बाळंतपणांत अंतर कसे ठेवावे, हे मराठी माणसाला मराठीत उघडपणे सांगण्यासाठी त्यांनी आयुष्य खर्च केले. त्यांची गोष्ट वाचता वाचता तुम्हाला तुमच्या प्रश्नाचे उत्तरही मिळेल.

नऊ वर्षांचा मुलगा आणि बाळंतपणात गेलेली आई

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातल्या मुरुडचा. वडील धोंडो केशव कर्वे पुढे महर्षी कर्वे म्हणून देशभर ओळखले गेले. आई राधाबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे राधाबाईंचे लग्न अगदी लहान वयात, आठव्या वर्षाच्या सुमारास झाले होते.

१८९१ मध्ये राधाबाई बाळंतपणात वारल्या. त्यांचे वय तेव्हा २७ च्या आसपास होते आणि रघुनाथ नऊ वर्षांचा होता.

हे वाचून तुम्हाला फार वेगळे वाटणार नाही. आपल्याकडे आजही एखाद्या घरात भिंतीवर हार घातलेला तरुण बाईचा फोटो दिसतो आणि विचारले की कळते, बाळंतपणात गेली. १८९१ मध्ये तर रक्त चढवण्याची सोय नव्हती, प्रतिजैविके नव्हती. अतिरक्तस्राव झाला किंवा जंतुसंसर्ग झाला, तर वाचवण्याचे मार्ग फार थोडे होते. म्हणून प्रत्येक बाळंतपण हा जिवाशी खेळ होता. बाळंतपणे जितकी जास्त आणि जितकी जवळजवळ, तितका धोका अधिक.

वडिलांनी १८९३ मध्ये एका विधवेशी पुनर्विवाह केला. तेव्हा ही फार मोठी गोष्ट होती आणि समाजाने त्याची किंमतही वसूल केली. पुढे त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारले. रघुनाथ अशा घरात वाढला. लोक काय म्हणतील यापेक्षा काय बरोबर आहे हे आधी पाहायचे, हे त्याने घरातच पाहिले.

गणिताचा प्राध्यापक

रघुनाथ अतिशय हुशार. १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये पदवी घेतली आणि गणित शिकवू लागला. १९१९ मध्ये गणिताच्याच पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेला. युरोपात स्त्री-पुरुष संबंध, गुप्तरोग आणि संततिनियमन या विषयांवर शास्त्रीय पुस्तके निघत होती. ती त्यांनी लक्षपूर्वक वाचली.

परत आल्यावर मुंबईत विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत असतानाच १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले ते पहिले मानले जाते. त्याच वर्षी मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला होता. त्याआधी १९१६ मध्ये मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असेच केंद्र काढले, तेव्हा पोलिसांनी ते थोड्याच दिवसांत बंद पाडले होते. म्हणजे जगभर हे काम नुकते कुठे सुरू होत होते, आणि मुंबईत एक गणिताचा मास्तर त्यांच्या बरोबरीने उभा होता.

पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्यासोबत होत्या. दोघांनी स्वतः मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले आणि ते पाळले. त्या काळात मूल नसलेल्या बाईला काय काय ऐकावे लागत असेल, हे तुम्हाला सांगायला नको. कर्व्यांचे नाव घेताना मालतीबाईंचेही नाव घ्यायला हवे.

त्या काळी डॉक्टरांनाही काय माहीत नव्हते

१९२१ मध्ये कर्व्यांनी केंद्र काढले, तेव्हा स्त्रीच्या शरीरात बीज नेमके कधी बाहेर पडते, हे वैद्यकशास्त्राला नीट माहीत नव्हते. जपानमध्ये ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी १९२८ मध्ये ते दाखवले: बीज पाळीच्या सुमाराला नव्हे, तर पुढची पाळी येण्याच्या साधारण दोन आठवडे आधी बाहेर पडते.

ही एक गोष्ट नीट समजली, तर आपल्या दवाखान्यात आलेल्या बाईचे कोडे सुटते. म्हणून जरा हळू वाचा.

आधी बीज बाहेर पडते. त्यानंतर दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याच्या आधीच बीज बाहेर पडलेले असू शकते. त्या दिवसांत संबंध आला, तर दिवस राहतात आणि पाळी येतच नाही. बाईला वाटते, अजून पाळी सुरूच झाली नाही. प्रत्यक्षात ती सुरू होण्याच्या बेतात होती आणि त्याआधीच गर्भ राहिला.

पाळी आली की मग साधन वापरू, असे अनेक जोडपी ठरवतात. कधी कधी तोवर उशीर झालेला असतो.

अंगावर पाजल्याने पाळी का थांबते?

बाळ स्तन चोखते, तेव्हा तो संदेश आईच्या मेंदूपर्यंत जातो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिला पिट्युटरी म्हणतात. चोखण्यामुळे तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते आणि दूध तयार होते. त्याच वेळी, बीजकोशाला काम सुरू कर असा जो संदेश मेंदूतून ठरावीक लयीत जात असतो, ती लय मंदावते. संदेश नीट न मिळाल्यामुळे बीज पिकत नाही आणि पाळी येत नाही.

हे सारे चोखण्यावर अवलंबून आहे, हे लक्षात ठेवा. स्तनात दूध आहे म्हणून पाळी थांबत नाही. बाळ वारंवार, दिवसा आणि रात्रीही चोखते, म्हणून थांबते. चोखण्यात मोठा खंड पडला की लय पुन्हा जोर धरते.

याउलट, जी आई अंगावर पाजतच नाही, तिला बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यातही बीज बाहेर पडू शकते. म्हणून अशा आईने तीन आठवड्यांनंतर साधनाशिवाय संबंध ठेवू नयेत. सव्वा महिना उलटेपर्यंत काही होत नाही, हा हिशेब तिच्या बाबतीत चुकीचा ठरू शकतो.

तीन अटी, आणि तिन्ही एकाच वेळी

१९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ येथे जगभरचे तज्ज्ञ जमले आणि उपलब्ध अभ्यास एकत्र पाहून त्यांनी एक निष्कर्ष काढला. अंगावर पाजणे हे गर्भधारणा टाळण्याचे भरवशाचे साधन ठरते, पण पुढच्या तिन्ही अटी पूर्ण असतील तरच:

१. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असावे.
२. बाळंतपणानंतर पाळी परत आलेली नसावी. (पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या ५६ दिवसांत होणारा रक्तस्राव पाळी म्हणून मोजत नाहीत.)
३. बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच पीत असावे. दिवसा दोन पाजण्यांत चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर नको. वरचे दूध, पाणी, घुटी, पेज यांची सवय नको.

तिन्ही अटी पाळल्या तर पहिल्या सहा महिन्यांत १०० पैकी साधारण दोन किंवा त्याहून कमी बायकांना दिवस राहतात. कुठल्याही चांगल्या साधनाच्या तोडीचा हा आकडा आहे. म्हणजे तुमच्या आजीचे म्हणणे निराधार नव्हते. तिच्या काळी बाळ दिवसरात्र तिच्या कुशीत असे आणि मागेल तेव्हा पीत असे.

पण यातली एक अट जरी तुटली, तरी भरवसा संपतो. दोन अटी पाळल्या म्हणून दोन तृतीयांश संरक्षण मिळते, असे नसते. गणिताच्या मास्तरांना हे एका वाक्यात समजले असते.

आपल्या जिल्ह्यात ही अट कुठे तुटते?

आता आपल्या गोंदिया जिल्ह्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मग मळणी. या प्रत्येक हंगामात बाया पहाटे घर सोडतात.

रोवणीच्या दिवसांत तीन-चार महिन्यांची लेकुरवाळी बाई सकाळी बाळाला पाजून बांधीत उतरते. दुपारी घरी येणे जमले तर जमले, नाही तर संध्याकाळीच. मधल्या वेळात आजी बाळाला गाईचे दूध, साखरपाणी किंवा भाताची पेज देते. बाळ झोपते, रडत नाही, सगळ्यांना बरे वाटते. पण त्या सहा-सात तासांत चोखणे झालेले नसते. तिसरी अट त्याच दिवशी तुटली.

तुम्ही नोकरीला जात असाल, परीक्षेसाठी बाहेरगावी राहत असाल किंवा बाळाला बाटली सुरू केली असेल, तरी हेच घडते. हाताने किंवा पंपाने दूध काढून ठेवणे बाळासाठी उत्तमच आहे. पण पाळी थांबवण्यासाठी बाळाच्या चोखण्याइतका भरवसा त्यावर ठेवता येत नाही.

आमच्याकडे आलेल्या त्या बाईच्या बाबतीत तर दोन अटी तुटल्या होत्या. बाळ आठ महिन्यांचे होते आणि रोवणीच्या महिनाभरात दिवसा पाजणे जवळजवळ बंदच होते. फक्त पाळी आली नव्हती. त्या एका गोष्टीवर घरादाराने विश्वास ठेवला.

बोलल्याबद्दल शिक्षा

कर्व्यांकडे पुन्हा वळू. त्यांनी १९२३ मध्ये संततिनियमनावर मराठी पुस्तक लिहिले. महाविद्यालयाच्या चालकांना प्राध्यापकाचे हे उघड बोलणे पसंत पडले नाही. काम सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच आला. त्यांनी नोकरी सोडली. पगार गेला, पण काम थांबले नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. लेखन, संपादन, मुद्रिते तपासणे, हिशेब ठेवणे, बहुतेक सगळे ते स्वतः करत. पैसा मिळत नव्हता, पदरचाच जात होता. मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. घरात कोणाला विचारता येत नाही आणि डॉक्टरसमोर तोंड उघडत नाही, असे ते प्रश्न. तुम्ही आज मोबाइलवर असे लेख वाचता. तेव्हा मराठी वाचकाला त्या मासिकाची वाट पाहावी लागे.

या लेखनावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये एक, १९३४ मध्ये दुसरा. दोन्ही वेळा दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर शास्त्रीय माहिती देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांच्या बाजूची मांडणी होती. खटला हरला, पण बाबासाहेबांनी हा विषय सोडला नाही. १९३८ मध्ये संततिनियमनाची साधने लोकांना मिळावीत, असा ठराव मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षातर्फे मांडला गेला. तोही नामंजूर झाला.

विरोध केवळ सनातनी लोकांचा नव्हता. आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर महात्मा गांधींना भेटल्या. दोन बाळंतपणांत अंतर असावे, हे गांधीजींनाही मान्य होते. पण त्यासाठी संयम हाच मार्ग, साधने नकोत, असे त्यांचे मत होते. कर्व्यांना हे पटत नव्हते. नवरा-बायकोने वर्षानुवर्षे वेगळे राहावे, ही अपेक्षा त्यांना व्यवहाराला धरून वाटत नव्हती. आणि त्याची किंमत शेवटी बाईच्या शरीराला मोजावी लागते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडले. स्त्रीच्या शरीरावर आणि सुखावर तिचाही हक्क आहे, हे त्या काळी लिहिणाऱ्या मोजक्या माणसांत ते होते.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. कर्व्यांनी केंद्र उघडले, त्याला तेव्हा तीस वर्षे होऊन गेली होती. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले. तोपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ निघत राहिले, सव्वीस वर्षे. नव्वदी ओलांडलेले वडील तेव्हा हयात होते. महर्षी कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला मात्र हयातीत दंडाच्या पावत्याच जास्त आल्या. पुष्कळ वर्षांनी, २००१ मध्ये, अमोल पालेकर यांनी त्यांच्या आयुष्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला.

कर्व्यांच्या काळी नव्हते, आज तुमच्या गावात आहे

कर्व्यांच्या वेळी रबरी टोप्या, निरोध, रासायनिक गोळ्या एवढीच साधने होती आणि तीही महाग. आज पुढची बहुतेक साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असताना काय चालते ते पाहा:

- निरोध: केव्हाही, पहिल्या दिवसापासून. दुधावर परिणाम नाही. प्रत्येक वेळी वापरावा लागतो.
- तांबी: बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाही तर सहा आठवड्यांनंतर. प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे चालते. काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. दुधावर परिणाम नाही.
- अंतरा इंजेक्शन: अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी एक. पाळी अनियमित होऊ शकते किंवा थांबू शकते. बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात.
- छाया गोळी: लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली. तिच्यात संप्रेरके नसतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजताना चालते. काविळीचा किंवा यकृताचा आजार असेल, बीजकोशात गाठी असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.
- माला-एन आणि तशा रोजच्या गोळ्या: बाळ अंगावर पीत असेल तर सहा महिन्यांच्या आत नकोत. दूध कमी होऊ शकते.
- शस्त्रक्रिया: कुटुंब पूर्ण झाले असेल तर स्त्रीची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर सात दिवसांत किंवा सहा आठवड्यांनंतर होते. पुरुषाची शस्त्रक्रिया त्याहून सोपी, बिनटाक्याची. मात्र त्यानंतर तीन महिने दुसरे साधन वापरून मग वीर्याची तपासणी करायची.

आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. तुम्हाला हा आजार असेल तर साधन निवडण्यापूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगा. रोजच्या मिश्र गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढू शकतो, म्हणून त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. इतर चांगले पर्याय आहेत.

अंतर का ठेवायचे?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यापूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. गरोदरपणात आणि पाजताना आईच्या अंगातले लोह, कॅल्शियम खर्च होते. ते भरून यायला वेळ लागतो. लवकर दिवस राहिले तर रक्त कमी असतानाच दुसरे बाळ वाढू लागते. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते. पहिले सिझेरियन असेल तर गर्भाशयाचा व्रण भरायलाही वेळ हवा. आणि कडेवरच्या बाळाचाही आईवर हक्क असतोच.

तुमच्या मनातले काही प्रश्न

*तांबी किंवा इंजेक्शन घेतले तर पाजणे बंद करायचे का?*
नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा अधिक पाजावे.

*पाळी आली नाही, पण शंका वाटते. काय करू?*
लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे किट मिळते. मळमळ, थकवा, दूध अचानक कमी होणे, बाळ दूध नाकारणे, यांपैकी काही असेल तर थांबू नका.

*साधनाशिवाय संबंध आला. आता?*
७२ तासांच्या आत आपत्कालीन गोळी घेता येते, जितकी लवकर तितकी चांगली. ती पाजणाऱ्या आईलाही चालते. पण ते नेहमीचे साधन नव्हे.

*पाजत असताना दिवस राहिले तर पहिल्या बाळाला तोडायचे का?*
सहसा गरज नसते. आईचा आहार आणि लोहाच्या गोळ्या वाढवाव्या लागतात. आधी गर्भपात किंवा वेळेआधी बाळंतपण झाले असेल, रक्त जात असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

*हे दिवस नकोच असतील तर?*
कायद्याने ठरवलेल्या मुदतीत, मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात करता येतो. १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. दुकानातून गोळ्या आणून घरी घेऊ नका. अशा बाया अतिरक्तस्राव होऊन आमच्याकडे येतात, तेव्हा वेळ हातातून निसटत असते.

शेवटी, त्या बाईबद्दल

दोन रेषा पाहून ती काही वेळ बोललीच नाही. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आपणच सुनेला भरवसा दिला, याचे त्यांना वाईट वाटत होते. मी त्यांना सांगितले की तुमची चूक नाही, तुम्हाला अर्धीच गोष्ट कोणीतरी सांगितली होती. खरे तर ती आम्हा डॉक्टरांचीही चूक होती. बाळंतपणानंतर सुट्टी देताना टाके, लस, लोहाच्या गोळ्या सगळे सांगितले जाते. पुढचे दिवस कधी राहू शकतात, हे सांगायचे राहून जाते, कारण मागे गर्दी असते आणि खोलीत पुरुष माणसे उभी असतात.

रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठच्या खाली होते. नवऱ्याला बोलावून घेतले. दोघांना वेगवेगळे आणि मग एकत्र सगळे पर्याय समजावले. तिने बाळ ठेवायचे ठरवले. शिरेतून लोह दिले, दर महिन्याला तपासणी केली, मोठ्या बाळाचे पाजणे आणि वरचे अन्न दोन्ही नीट लावून दिले. बाळंतपण जिल्ह्याच्या ठिकाणी, रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात व्हावे, असे आधीच ठरवले. दोघे सुखरूप आहेत. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशीच तिने तांबी बसवून घेतली. ते तिने स्वतः मागितले.

प्रत्येक गोष्ट अशी संपत नाही. आठच्या खालच्या हिमोग्लोबिनवर बाळंतपणात रक्त गेले, तर राधाबाईंसारखेच होऊ शकते, १८९१ असो की आज.

म्हणून तुमच्या घरात बाळंतीण असेल तर आजच एवढे करा. बाळ किती महिन्यांचे आहे, पाळी आली का आणि बाळ फक्त अंगावर पिते का, हे तीन प्रश्न तिला विचारा. एकाही उत्तराने अट तुटत असेल, तर दोघांनी मिळून उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बाळाच्या लसीच्या दिवशी गेलात तर वेगळी फेरीही पडणार नाही. विचारायला लाजू नका. हे प्रश्न मोकळेपणाने विचारता यावेत, म्हणून एका माणसाने नोकरी सोडली आणि दंड भरला. तुम्हाला फक्त डॉक्टरांच्या किंवा नर्सताईंच्या खोलीचे दार उघडायचे आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीप्रमाणे योग्य साधन कोणते, हे तपासणी करून डॉक्टरच ठरवू शकतात.)